करंगळीएवढी फट

एक निळी प्लास्टिकची पाचर. साबणाच्या उरलेल्या वडीएवढी. मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात, चष्म्याशेजारी.

कुठल्यातरी जंगलात कुणीतरी एका झाडाचा फोटो काढला. झाड कापल्यानंतर, आतल्या बाजूने.

करवतीचं तुटलेलं पातं फेकायचं नसतं. दगडावर घासलं तर त्याला हवी तशी धार येते.

“पायाकडे बघू नका, समोर बघा,” असं व्यायाम शिकवणारी मुलगी मला रोज सांगायची, आणि मी रोज पायाकडेच बघायचे.

हवा दमट झाली की मिठाचे खडे ओले होतात, कपाटाचं दार अडकतं, आणि रद्दीतली वर्तमानपत्रं कापडासारखी मऊ पडतात.

“भाऊजी फोनवर नुसतं टक टक काय करतायत?” माझी बहीण.

 

मी पडले ती आमच्याच स्वयंपाकघराच्या दारात, आणि पडले ती मिस्त्रींच्या फरशीवर.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. बाहेर सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून घरातही तेच नाव चालतं. तोंडावर मात्र मी ‘अहो’च म्हणते. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत दगडी फरशा बसवल्या, आणि सगळ्यांत चांगली बसवली ती आमच्या घरात. सांधा शोधायचा तर नख फिरवावं लागायचं. घासून घासून तिला अशी झिलई आणली होती की दिवा लावला की एक वर आणि एक खाली, असे दोन लागायचे. त्या झिलईवर जरासं पाणी सांडलं होतं. पाय सरकला, खुबा मोडला.

दवाखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते. मिस्त्री माझ्या चपलेकडे बघत होते. तिचा तळ अंगठ्याने चाचपून म्हणाले, गुळगुळीत झालाय. त्यानंतर त्यांनी चपलेचं नाव काढलं नाही. फरशीचंही नाही.

 

शस्त्रक्रिया झाली, काठी आली. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने घरी जायच्या अटी सांगितल्या. पायाखाली निसरडं नको. गार नको. आणि खाटेपासून गॅसच्या ओट्यापर्यंत कुठेही उंचवटा नको, पट्टी नको, उंबरठा नको, कारण माझा पाय अजून जेमतेम उचलत होता. हे जमेपर्यंत मी बहिणीकडे राहायचं.

बहीण गुणाची आहे. अंथरुणात चहा आणून देते. पण आयता चहा माणसाला किती दिवस गोड लागावा? मला माझ्या घरात, कुणाचा हात न धरता, माझ्या ओट्यापर्यंत चालत जायचं होतं आणि स्वतःच्या हाताने आधण ठेवायचं होतं. रात्रंदिवस डोक्यात तेवढा एकच रस्ता होता. खाट, खोलीचं दार, बैठक, स्वयंपाकघराचं दार, ओटा.

 

आमची लेक घरांमध्ये लॅमिनेटच्या फरशा बसवते. म्हटलं तर बापाचाच धंदा. पण हे बापाला सांगून बघा.

लॅमिनेटची फळी म्हणजे काय ते मला लेकीने कितीदा तरी समजावलं आहे. लाकडाचा भुसा दाबून दाबून केलेली पाटी. तिच्यावर कागद, कागदावर लाकडाचा छापलेला फोटो. फोटोवर पारदर्शक थर, इतका टणक की खुर्ची ओढली तरी चरा पडत नाही. पाणी वरून पुसून घेतलं तर काही होत नाही. कडेने आत शिरलं तर मात्र भुसा फुगतो.

“म्हणजे लाकडाचा फोटो,” मिस्त्री म्हणायचे. “उद्या ताटातही फोटोच वाढा.”

“चालेल,” लेक म्हणायची. “तुमचं मीठ कमी मीठ जास्त तरी थांबेल.”

घरात ही अशी जुगलबंदी कायमचीच. बाप तिला ‘फळीवाली’ म्हणायचा, ती त्याच्या फरशीला ‘आरसा’ म्हणायची. मी पडल्यापासून आरसा हा शब्द तिने टाकून दिला होता.

तीच एक दिवस म्हणाली, दगड फोडायचा नाही, आहे त्यावरच लॅमिनेट टाकते. निसरडं होणार नाही, गार लागणार नाही, आईला पडायची भीती राहणार नाही. आता मोठा तमाशा होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

“टाक,” मिस्त्री म्हणाले.

 

मग रोज संध्याकाळी बहिणीकडे त्यांचा फोन यायला लागला. माझी तब्येत एका वाक्यात विचारून व्हायची. पुढे तक्रारी.

पहिली तक्रार खोक्यांची. फळ्यांची खोकी आणली, बैठकीत आडवी ठेवली आणि फळीवाली निघून गेली. “पाहुणे आलेत का? प्रवासाने दमलेत? आडवे पडलेत नुसते.” कारण मला लेकीकडून कळलं. फळ्यांना ज्या खोलीत राहायचं तिथल्या हवेची सवय व्हावी लागते. फळी गोदामातून आणली आणि तशीच ठोकली, तर मागाहून कुरबुर करते.

दुसरी तक्रार, ठोकलीच नाही. खिळा नाही, गोंद नाही, सिमेंट तर नाहीच. खाली प्लास्टिक, त्यावर गादीसारखा मऊ पातळ थर, त्यावर फळ्या, बस्स. “मी विचारलं, हे धरून कशाने राहतं? म्हणाली, एकमेकींना धरून राहतात. जमिनीला काही चिकटलेलंच नाही गं. नुसतं ठेवलंय.” एक फळी तिरकी धरायची, शेजारणीच्या खाचेत घालायची, खाली टेकवायची. टक. हे टक त्यांनी मला फोनवर करून दाखवलं. एकदा नाही. टक, बसली. टक, बसली. तेव्हाच बहिणीने विचारलं होतं, भाऊजी नुसतं टक टक काय करतायत.

तिसरी तक्रार, वेळ घालवते. सगळी खोकी एकदम फोडली आणि या खोक्यातली एक, त्या खोक्यातली एक, अशी पत्त्यांसारखी पिसत बसली. फोटो शेवटी मोजकेच असतात. न बघता लावलं तर एकच गाठ शेजारीशेजारी येते आणि लबाडी उघडी पडते. “कापडाच्या दुकानात बसल्यासारखी बसलीय. ही नको, ती नको. प्रत्येक फळी उजेडात धरून बघते.” मी म्हटलं, तुम्ही दगड असेच निवडायचात. ते म्हणाले, दगड खरे होते.

चौथा फोन तक्रारीचा नव्हताच. हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी चौकटीच्या लाकडाला लागून फळी कापायची, तर वेडीवाकडी नक्षी कापावी लागते, आणि ती कधी नीट बसत नाही. लेकीने फळी कापलीच नाही. फळीचा एक तुकडा जमिनीवर पालथा ठेवला, त्यावर आडवी करवत टेकवली आणि चौकटच खालून तेवढी कापली. मग अख्खी फळी चौकटीखाली सरकवली. “पाकिटात पत्र जावं तशी गेली,” मिस्त्री म्हणाले. “मी श्वास रोखून बसलो होतो. करवत जरा वर गेली असती तर दार गेलं होतं. हात हलला नाही तिचा.” मग एकदम भानावर येऊन म्हणाले, “पण फोटो तो फोटोच.”

 

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोन खोल्यांच्या मधल्या दारात लॅमिनेट बहुतेक लोक तोडतात आणि सांध्यावर धातूची पट्टी मारतात. तेच सोयीचं. पण पट्टी म्हणजे उंचवटा, आणि उंचवटा म्हणजे माझा पाय. म्हणून लेकीने खाटेपासून ओट्यापर्यंत एकच सलग फरशी टाकली, मधे कुठेही न तोडता. असं करायला छाती लागते. फळ्या हवेप्रमाणे फुगतात आणि आकसतात, सगळ्या मिळून. फरशी जितकी लांबरुंद, तितकी तिला कडेला जागा जास्त लागते. त्यासाठी लेकीने भिंतींच्या कडेकडेने निळ्या पाचरी लावल्या होत्या. काम झाल्यावर पाचरी काढल्या की चारी बाजूंनी करंगळी जाईल एवढी फट राहते. फटीवर भिंतीला लाकडी पट्टी येते आणि ती झाकते. पट्टी भिंतीला ठोकायची, फरशीला नाही. फरशी तिच्याखाली मोकळी.

पाचरी काढून झाल्या. पट्ट्या आल्या. मिस्त्री म्हणाले, “पट्ट्या मी मारतो. भिंतीचं काम माझं.”

लेकीने मला लगेच फोन केला. आवाज शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. “आई, बाबा स्वतःहून म्हणाले.” तिने पट्ट्या त्यांच्या ताब्यात दिल्या आणि ती गेली. फटीबद्दल चकार शब्द काढला नाही. जन्म ज्याचा फरशीत गेला त्याला ती काय शिकवणार?

आणि दगडाच्या माणसाला उघडा सांधा म्हणजे अर्धवट काम. शर्टाची बटणं न लावता लग्नाला जाण्यासारखं.

संध्याकाळी मिस्त्रींचा फोन छोटा आणि तृप्त होता. सगळं बंद केलं, म्हणाले. कुठे फट म्हणून ठेवली नाही. पट्ट्या अशा मारल्या की वाटतं भिंतीतूनच उगवल्या. तुझी काठी आता कुठे अडकायची नाही.

मी म्हटलं, छान झालं.

 

हवा दमट झाली. बहिणीकडे मिठाचे खडे ओले झाले.

 

मला न्यायचा दिवस ठरला होता, तो पुढे गेला. लेक आली ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात फरशी वर उठली होती. पोट आल्यासारखी. पाय दिला की खाली जायची, पाय काढला की परत वर. नेमकी दारात. माझ्या रस्त्यात.

तिने खाली ओल आहे का ते तपासलं होतं. खोकी नीट विसावली होती का ते आठवून बघितलं होतं. झोप नव्हती तिला. उद्या सगळं उखडते म्हणाली, दारात तोडून पट्टी मारते, जशी सगळे मारतात. मी म्हटलं, मग मी पट्टीवरून कशी जाणार? ती म्हणाली, मी किंवा बाबा हात धरू.

मी काठी जवळ ओढून घेतली. तिलाही ते कळलं.

“फरशी अशी कधी करते गं?” मी विचारलं.

“पुढे भिंत लागली की. पसरायला जागा नसली की ती वर उठते. पण मी जागा ठेवलीय, आई. चारी बाजूंनी ठेवलीय. म्हणजे चूक दुसरीकडे आहे आणि मला ती सापडत नाही. हे आपल्याच घरात. लोकांच्या घरात आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

ती फरशी मी अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तिच्याबद्दलचे सगळे फोन माझ्याकडेच आले होते, बापाचे आणि लेकीचेही. सगळं बंद केलं. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

मी लेकीला म्हटलं, उद्या सकाळी जरा सावकाश जा. घाई करू नकोस. आणि ती गेल्यावर बहिणीला म्हटलं, फोन दे.

“अहो, भिंतीकडची फट तुम्ही बुजवलीत?”

“मग? उघडी ठेवू?” मिस्त्री म्हणाले. “पांढऱ्या सिमेंटने बुजवली, दाबून. चौकटीभोवतीसुद्धा. पट्टी कधी सुटली तर तुझ्या काठीचं टोक आत जाईल.”

मी त्यांना सांगितलं. जसं लेकीने मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत, मधे माझं काही न घालता. पलीकडे आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तेवढं फक्त ऐकू येत होतं. त्या नळाचं वायसर बदलायला मी त्यांना किती दिवस सांगत होते.

“किती हवी?”

“करंगळीएवढी.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

 

पुढचं लेकीने सांगितलेलं.

ती पहार आणि कापायचं मशीन घेऊन पोचली तेव्हा दार उघडंच होतं. भिंतीच्या सगळ्या पट्ट्या निघालेल्या, बैठकीत ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने कुठल्या भिंतीची ते लिहिलेलं. एकही चिरली नव्हती. मिस्त्री सतरंजीची घडी अंगाखाली घेऊन कुशीवर पडले होते, कान जवळजवळ जमिनीला लावून. डाव्या हातात पत्र्याची पट्टी, फळीच्या कडेला उभी धरलेली, ढालीसारखी. उजव्या हातात करवतीचं तुटकं पातं, घासून निमुळतं केलेलं, मुठीच्या जागी चिंधी गुंडाळलेली. हातोडी लांब ठेवलेली. हातोडी मारली तर हादरा सांध्यांत जाईल, म्हणून नुसत्या मनगटाने ते सिमेंट खरवडत होते, वाटाण्याएवढं, मग तांदळाएवढं.

“मीच बुजवली होती,” मान न वळवता ते म्हणाले. “मीच काढतोय.”

लेक म्हणाली, बाबा, मशीन आणलंय.

“मशीनने तुझ्या फळीची कड जाईल.”

हे वाक्य तिने मला दोनदा सांगितलं. फोटो नाही म्हणाले, आई. तुझी फळी म्हणाले.

तिने मशीन पिशवीत परत घातलं. धूळ ओढायचा पंप काढला आणि त्यांच्या मागून सरकत फट साफ करत गेली. तिने त्यांना ‘विचारलं का नाहीत’ असं म्हटलं नाही, त्यांनी तिला ‘सांगितलं का नाहीस’ असं म्हटलं नाही. आमच्या घरात हे नवलच. चौकटीखाली सगळ्यांत अवघड होतं. तिथे सरळ पातं वळेना. मिस्त्री उठले, गुडघा धरून गॅसपाशी गेले, पातं लाल होईपर्यंत तापवलं आणि पक्कडीने त्याला बाक दिला. परत पडले. बाकदार टोक चौकटीखाली घातलं, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी चाचपून सिमेंट बाहेर आणलं. फळी चौकटीखाली सरकवताना लेकीने जो हात ठेवला होता तसाच हात, असं मिस्त्री म्हणतात. लेक म्हणते उलट आहे, तिचा हात मुळात त्यांच्यावर गेलाय.

भिंतीलगतच्या एकदोन फळ्या ओल्या सिमेंटचं पाणी पिऊन कडेला फुगल्या होत्या. उरलेल्या खोक्यातल्या फळ्या काढून बदलल्या. शेवटची लेकीने बापाच्या हातात दिली. त्यांनी ती तिरकी धरली, खाचेत घातली, टेकवली.

टक.

“आई, मी सगळी कड बघितली,” लेक मला म्हणाली. “बोट फिरवून बघितली. एक टवका नाही गं. एवढ्या बारीक फटीतून सिमेंट काढलं आणि फळीला कळू दिलं नाही. मला नसतं जमलं. मला माहीत असलेल्या कुणालाच नसतं जमलं.”

फट मोकळी झाल्यावर फरशीने उसासा टाकल्याचं मिस्त्री सांगतात. लेक म्हणते, तो पंपाचा आवाज होता.

पोट काही लगेच उतरलं नाही. मिस्त्री रोज सकाळी दारात पातळी बघायची पाणसळ ठेवायचे आणि बुडबुड्याची तब्येत मला फोनवर कळवायचे. माझी तब्येत आता त्याच्यानंतर विचारली जायची. बुडबुडा अजून डावीकडे आहे. बुडबुडा सरकतोय. आणि मग एके सकाळी, काय कशी आहेस वगैरे काही नाही, एकच शब्द. “मधोमध.”

 

मी घरी आले. खोलीत खाटेवर बसवलं मला, मग सगळे बाजूला झाले. काठी टेकवली, उठले.

मिस्त्री माझ्या मागे, दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखे.

“बाबा, हात खाली,” लेक म्हणाली.

त्यांनी हात खाली केले. पाठीमागे बांधले, म्हणजे पुन्हा वर यायला नकोत.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने समोर बघायला सांगितलं होतं तरी मी पायाकडेच बघत चालले, कारण इतके दिवस जिच्याबद्दल ऐकलं ती मला बघायची होती. मधाच्या रंगाची. उन्हाचा पट्टा पडला होता तिथे रेषा अशा दिसत होत्या की हात लावावासा वाटला. पायाला गार लागत नव्हती. दगडावर काठी खणखणली असती; इथे मऊ ठक ठक होत होतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळूच दार वाजवावं तसं. बैठक ओलांडली. रेषांच्या मागे मागे जात राहिले आणि वर बघितलं तर समोर ओटा. स्वयंपाकघराचं दार कधी मागे पडलं, मला कळलंच नाही.

मी आधण ठेवलं. नळ ठिबकत नव्हता.

मिस्त्री आता जमिनीवर उकिडवे बसले होते. “ही गाठ बघ,” मला म्हणाले. “अगदी हीच गाठ तिकडे तुझ्या खाटेपाशी आहे. मधे सगळं घर. मी एकेक फळी शोधली. दोन सारख्या गाठी जवळ कुठे नाहीतच.” तळहात फरशीवर ठेवून राहिले. मग लेकीकडे न बघता म्हणाले, “फोटो आहे. पण असा लावलेला मी कुठे बघितला नाही.”

लेक कपात बघत राहिली. कपात अजून चहा नव्हता.

मग म्हणाली, “माझ्या पाचरींतली एक कमी आहे, बाबा.”

“इथे काही नाही,” मिस्त्री म्हणाले आणि खिशावर हात ठेवला. “चष्मा आहे.”

 

एक गोष्ट लेकीने मला मागाहून सांगितली. लॅमिनेट टाकायच्या आधी, कुणी न सांगता, मिस्त्रींनी आपली दगडी फरशी कोपऱ्याकोपऱ्यातून धुतली, पुसली आणि खिडक्या उघड्या ठेवून पूर्ण वाळू दिली.